रुमालाखाली

शेवंती पुढच्या डाव्या पायानं लंगडते,
पण थोडं. इतकं थोडं
की डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं:
डांबरावर टाप, टाप, टाप,
आणि चौथी जरा दबकून,
जशी उशिरा घरी आलेली पोरगी
चपला हातात घेऊन जिना चढते.

बारा लग्नसराया तिनं नवरदेव वाहिले,
गंगापूर रोडच्या लॉनपासून भद्रकालीच्या बोळापर्यंत.
ताशाला बिचकली नाही,
पायाशी फटाक्यांची माळ लागली तरी उभी.
एका नवरदेवाला तर तिच्या पाठीवर झोप लागली होती,
मुंडावळ्यांआड, पेठ नाक्यापासून थेट मालेगाव स्टँडपर्यंत.
मग माघात, द्वारकेच्या चौकात,
गटाराच्या झाकणावर तिची नाल घसरली.
पडली नाही. वरातीत कुणाला कळलंही नाही.
मला लगामातून कळलं.

इस्माईल नालबंदानं खूर मांडीवर घेतला,
चिमट्यानं कडेकडेनं दाबत गेला,
एका जागी ती शहारली.
"गरम आहे," म्हणाला. "सहा महिने थानावर उभी ठेव."
सहा महिने!
हरभरा कोण घालणार, कडबा कोण,
आणि वैशाखातल्या एकोणीस तारखांच्या सुपाऱ्या
मी आधीच घेऊन बसलेलो.

भाऊलाल दलालाकडं उपाय होते.
सकाळी सुई मारायची, दिवे लागेपर्यंत सरळ चालते.
नाहीतर मऊ मातीत दाखवायची, रस्त्यावर न्यायचीच नाही,
वळवायची ती उजव्या अंगाला.
आणखी एक त्यानं तंबाखू मळत सांगितला:
"चांगल्या पायाच्या नालेखाली खडा बसव.
दोन्ही पायांनी लंगडलं
की लंगडं दिसत नाही."
मी हसलो.
रात्री ते आठवून उठलो, थानाशी गेलो.
ती जागीच होती, डावा पाय पुढं काढून,
फोटोसाठी उभं राहतात तशी.

मंगळवारी येवल्याचा बाजार.
सुई मारली नाही. खडा बसवला नाही.
पण टेम्पो मी मऊ मातीत लावला, हे कबूल करतो.
आयाळीत गोंडे, शेपूट विंचरलेली.
विंचूरचे काशिनाथ दराडे दोनदा तिच्याभोवती फिरले,
दात पाहिले, भोवरे मोजले,
पोटाखालून हात फिरवला.
लंगडते का, असं विचारलं नाही.
बाजारात ते कुणी विचारत नाही.
विचारलं की उत्तरावर विश्वास ठेवावा लागतो.

खांद्यावरचा रुमाल त्यांनी
आमच्या दोघांच्या हातांवर टाकला.
आत माझा अख्खा पंजा दाबला: पन्नास.
मग एकच बोट, वेगळं: साठ.
मागून भाऊलाल खाकरला. घे म्हणून.

ते बोट मी त्यांच्या मुठीतून सोडवलं
आणि मिटून घेतलं.

दराड्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही.
सरळ तिच्या पायांकडं पाहिलं.
"कुठला?"
"डावा, पुढचा. गार सकाळी, पहिली वीस पावलं."
"आणि मग?"
"मग तिला सवय होते."
"मला काही वरात काढायची नाही," ते म्हणाले,
"शिंगरू हवंय.
पण शिंगराचं वजन याच पायावर येणार ना?"
भाऊलाल थुंकला, ती नुसती तंबाखू नव्हती.

रुमाल अजून तसाच. हात अजून आत.
दुसऱ्या हातानं त्यांनी माझ्याकडून दोरी घेतली,
नातवाला दिली.
"डांबरावर ने. सावकाश चालव."
आणि डोळे मिटून घेतले.

टाप, टाप, टाप.
चौथीला त्यांची बोटं
माझ्या बोटांवर जराशी आवळली.
सोडली नाहीत.
पोरगा तिला वळवून पुन्हा आणत होता,
यावेळी डाव्या अंगानं.